चव्वेचाळिसाव्या वर्षी रुबिक क्यूब हातात घेतलाय. दोन मिनिटांवरून एका मिनिटात कसं यायचं?

शेवंती_नाशिक | ४ जुलै

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात भाचा सुट्टीला आला होता. जाताना त्याचा जुना क्यूब आमच्या फ्रिजवर राहिला. फोन केला तर म्हणाला, "आत्या, तूच ठेव, माझ्याकडे मॅग्नेटवाला आहे." चार दिवस तसाच पडून होता. पाचव्या दिवशी संध्याकाळी लाइट गेले, बॅटरीच्या उजेडात सहज हातात घेतला आणि तेव्हापासून तो माझ्या पर्समध्येच असतो.

पहिल्यांदा पूर्ण जुळवायला अकरा दिवस लागले. व्हिडिओ बघून एकेक पायरी वहीत उतरवली. पांढरा प्लस, पांढरे कोपरे, मधला थर, पिवळा प्लस, मग वरचे कोपरे आणि शेवटी वरच्या कडा. शेवटची फिरकी मारली तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते. मी एवढ्या मोठ्याने "झाला!" म्हटलं की सासूबाई उठून बाहेर आल्या. त्यांनी सहाही बाजू वळवून वळवून पाहिल्या आणि म्हणाल्या, "आता असाच ठेव हो." मी तो देवघराच्या कोनाड्यात ठेवला, आणि सकाळी चहाच्या आधी पुन्हा बिघडवला.

आता सरासरी दोन मिनिटं पाच सेकंद लागतात. सगळ्यात चांगली वेळ १:४८. पण गेले तीन आठवडे काटा तिथेच अडकला आहे. विचारायचं ते असं:

नवा क्यूब घेतल्याने खरंच फरक पडतो का? सीएफओपी या वेगात जुळवणाऱ्यांच्या पद्धतीत म्हणे ७८ फॉर्म्युले (फिरक्यांचे ठरलेले क्रम) आहेत, ते सगळे पाठ करावे लागतात का? आणि स्पर्धांना माझ्या वयाची माणसं येतात का?

मला यात मनापासून पुढे जायचं आहे. जे सांगाल ते करीन.

---

खडू_फळा | ४ जुलै

शेवंतीताई, अभिनंदन. अकरा दिवस चिकाटीने बसलात ही मोठी गोष्ट आहे.

काहीही विकत घेण्याआधी एक काम करा. मोबाइल डब्याला टेकवून उभा करा आणि एक सॉल्व्ह रेकॉर्ड करा. मग घड्याळ घेऊन बघा, कुठल्या पायरीला किती सेकंद गेले आणि त्यात हात किती वेळ नुसते थांबलेले होते. मी शाळेत गणित शिकवतो. मुलाची गाडी कुठे अडते ते कळल्याशिवाय जास्तीची उदाहरणं देण्यात अर्थ नसतो, तसंच हे.

---

रा_को | ५ जुलै

ताई, मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आठवीपासून क्यूब करतो, सध्या ॲव्हरेज १४ सेकंद आहे.

क्यूबचं आधी. हो, फरक पडतो, पण महागडा घेऊ नका. हजाराच्या आत मोयू किंवा चीयीचा मॅग्नेटवाला चांगला क्यूब मिळतो. गॅनचे भारीतले मॉडेल आत्ता घेऊन काही मिळणार नाही. मॅग्नेटचं काम एवढंच की थर फिरवल्यावर तो नेमका जागेवर येऊन बसतो, अर्धवट तिरका राहत नाही. जुन्या क्यूबमध्ये एक थर जरा तिरका राहिला की पुढची फिरकी अडते, मग आपण ओढतो, मग कोपरा निसटतो. नवा क्यूब आला की पहिले दोन दिवस नुसता फिरवा. सैल वाटला तर मधल्या टोप्या काढून स्क्रू अगदी पाव फेरा आवळा, सहाही बाजूंना सारखा.

आता ७८चं. तो आकडा बरोबर आहे. वरचा थर पिवळा करायला ५७ (ओएलएल) आणि मग तुकडे जागच्या जागी न्यायला २१ (पीएलएल). पण हेच दोन-दोन टप्प्यांत केलं तर १० आणि ६, म्हणजे १६च पुरतात. त्यातले तीन-चार तुम्हाला आधीच येतात, कारण पिवळा प्लस आणि 'सून' नावाचा फॉर्म्युला तुमच्या वहीत असणारच. 'सून' म्हणजे आर यू आर' यू आर यू२ आर' (आर म्हणजे उजवी बाजू, यू म्हणजे वरची; अक्षरापुढे ' असेल तर उलट दिशेने, २ असेल तर दोनदा). मी सब-३० (३० सेकंदांच्या आत) झालो तोवर या सोळांवरच होतो.

एका मिनिटासाठी बोटं वेगात चालायची गरज नाही, हे आधी पटवून घ्या. तुमच्या आत्ताच्या पद्धतीत शंभरावर फिरक्या होतात. सीएफओपीत, वरचा थर दोन-दोन टप्प्यांत केला तरी, साठ-सत्तर. साठ फिरक्या साठ सेकंदांत म्हणजे सेकंदाला एक. एवढ्या वेगाने तुम्ही आजही फिरवता.

---

जुनी_पेठ | ५ जुलै

धागा वाचून फार बरं वाटलं. माझं वय ५८. १९८२ साली मी शाळेत होतो, मामाने मुंबईहून क्यूब आणला होता. आमच्या वाड्यात तो एकच. संध्याकाळी ओट्यावर पाळी लागायची. एका बाजूच्या पुढे कोणी गेला नाही. एकाने रंगाचे कागद सोलून चिकटवले आणि जुळवला म्हणून सांगितलं. कागदाचे कोपरे उचललेले होते, लगेच कळलं.

पुढे बरंच वाचलं. बुडापेस्टमध्ये वास्तुकला शिकवणाऱ्या एर्नो रुबिकनी १९७४मध्ये हा बनवला, आणि स्वतःचाच क्यूब पहिल्यांदा जुळवायला त्यांना महिनाभर लागला. तेव्हा शेवंतीताई, अकरा दिवस कमीच म्हणायचे. पहिली जागतिक स्पर्धा बुडापेस्टलाच जून १९८२मध्ये झाली, मिन थाईने २२.९५ सेकंदांत जिंकली. आमच्या ओट्यावर आम्ही एका बाजूवर अडलो होतो तेव्हाच. मग लाट ओसरली. पुढची जागतिक स्पर्धा थेट २००३ला, टोरंटोत. २००४मध्ये वर्ल्ड क्यूब असोसिएशन झाली आणि तिथून आजचं सगळं उभं राहिलं.

मी स्वतः पुन्हा हात लावलेला नाही. पण हा धागा रोज बघणार.

---

शेवंती_नाशिक | ९ जुलै

खडू_फळा सर, तुमचं ऐकलं. एका सॉल्व्हचा हिशोब असा, एकूण ११८ सेकंद: प्लस १४, पांढरे कोपरे २७, मधला थर ४१, वरचा थर ३६.

मला खात्री होती की वरच्या थरात वेळ जातो, कारण फॉर्म्युले तिथेच आहेत. तिथे तर हात न थांबता चालतात. मधल्या थरात मात्र मी क्यूब नुसता गोल गोल वळवत तुकडा शोधत बसते. पूर्ण सॉल्व्हमध्ये हात थांबलेले होते तब्बल ५२ सेकंद!

आणि एक अडचण. रविवारी क्यूब पूर्ण उघडून तुकडे धुतले, पुसून परत बसवले. आता काहीही केलं तरी शेवटी एक कोपरा वळलेला राहतो. काय चुकतंय?

---

रा_को | ९ जुलै

तुमचं काही चुकत नाहीये, क्यूबच चुकीचा बसलाय. तुकडे कसेही बसवले तर बारापैकी एकाच वेळी तो जुळण्याजोगा असतो. नुसत्या फिरक्यांनी एकटा कोपरा कधीच वळत नाही, एकटी कड कधीच उलटी होत नाही. म्हणून उघडला की नेहमी जुळलेल्या स्थितीतच परत बसवायचा. आत्ता तो कोपरा हाताने मुरडून सरळ करा, घरी चालतं.

५२ सेकंद हेच उत्तर आहे, ताई.

---

चिंच_बोरं | १० जुलै

शेवंती, माझाही प्रवास तुझ्यासारखाच. चाळिशीत सुरू केलं, आता ४० सेकंदांच्या आसपास असते. दोन गोष्टींनी मला हात दिला, त्या सविस्तर लिहिते.

पहिली: रंग शोधायचे नाहीत, तुकडा शोधायचा. आपण सुरुवातीला नऊ-नऊ रंगीत चौकोन बघतो. खरं तर मधले सहा तुकडे एकमेकांसमोरून हलतच नाहीत, पांढऱ्याच्या पाठीला कायम पिवळा, हिरव्याच्या निळा, लालच्या नारिंगी. उरले आठ कोपरे, तीन-तीन रंगांचे, आणि बारा कडा, दोन-दोन रंगांच्या. म्हणजे शोधायचे वीसच. "हिरवी-लाल कड कुठे आहे?" असा प्रश्न विचारलास की डोळा वेगळं बघायला लागतो. मी भाजी चिरताना सुद्धा मनात म्हणायचे, हिरवी-लाल, हिरवी-नारिंगी, निळी-लाल, निळी-नारिंगी. मधल्या थराच्या एवढ्या चारच तर कडा.

दुसरी: पांढरा प्लस खाली धरून कर. आत्ता तू तो वर करून मग क्यूब उलटा करत असशील. उलटा केला की डोळ्यांनी जे टिपलेलं असतं ते सगळं जातं. खाली धरून केलास तर प्लस होतानाच वरचे कोपरे दिसत राहतात. पहिला आठवडा फार जड जाईल. रोज फक्त प्लस कर, पुढचं करूच नको. बिघडव, प्लस, बिघडव, प्लस. कुठल्याही बिघडलेल्या क्यूबवर तो जास्तीत जास्त आठ फिरक्यांत होतोच, हे लक्षात ठेव. बारा लागल्या तर परत बघायचं की कुठली वाट लांबची घेतली. स्पर्धेत सुरुवातीला क्यूब बघायला १५ सेकंद मिळतात, ते यासाठीच असतात.

मग एफटूएल. कोपरा आणि त्याच्या शेजारची कड, दोघांना वर जोडायचं आणि जोडीने खाली बसवायचं. पांढरे कोपरे आणि मधला थर ही तुझी ६८ सेकंदांची दोन कामं एकात होतात. कोपरा त्याच्या घराच्या बरोबर वर, पांढरा रंग तुझ्याकडे तोंड करून, आणि कड त्याला उजवीकडून चिकटलेली असेल तर यू आर यू' आर'. करून बघ. जोडी कशी वाट काढून आत जाते ते सावकाश, दहा वेळा बघ. ते एकदा दिसलं की बाकीचं बरंचसं आपोआप सुचतं.

---

ओसरी | १० जुलै

चिंच_बोरंच्या "सावकाश बघ"ला माझा पूर्ण पाठिंबा. माझ्या मुलाला नऊ वर्षांचा असताना एका क्लासला घातलं होतं. पहिल्याच महिन्यात त्याच्या हातात छापील तक्ते दिले, ओएलएलचे ५७ आणि एफटूएलचे ४१, आणि दर शनिवारी परीक्षा. मुलगा घरी येऊन तक्ता म्हणायचा आणि क्यूब मात्र दप्तरातच राहायचा. तीन महिन्यांत त्याने सोडून दिलं. आजही मला त्याचं वाईट वाटतं, कारण आधी तो जेवतानाही क्यूब सोडत नसे.

---

रा_को | ११ जुलै

ओसरीताई, वाचून वाईट वाटलं. एफटूएलचे ४१ प्रकार आहेत खरे, पण ते आधी समजून करायचे असतात. पाठांतर वरच्या थराला लागतं, तिथे सुटका नाही, कारण खालचे दोन थर न मोडता वरचे तुकडे हलवायचे असतात, ते आपल्याला तिथल्या तिथे सुचत नाही. पण तेही शब्दांनी पाठ करायचं नसतं. आर यू आर' यू' हे चार सलग सहा वेळा केले की क्यूब होता तसा परत येतो. हे एकदा जुळलेल्या क्यूबवर करा. तिसऱ्या-चौथ्या वेळी अक्षरं मनातून जातात आणि नुसतं बोटांचं वळण उरतं. मला आज टी-पर्म (पीएलएलमधला एक फॉर्म्युला) अक्षरांत लिहायला सांगितलं तर क्यूब हातात घ्यावा लागेल.

---

खडू_फळा | ११ जुलै

पाढ्यांचं असंच आहे. बारा सत्ते चौऱ्याऐंशी का, हे मुलाला मांडून दाखवायचं. एकदा दिसलं की मग पाठच असावं, रोज मांडत बसू नये. क्रम उलटा झाला की मूल दुरावतं.

---

कापूसकोंडी | १३ जुलै

थोडं अवांतर, पण इथे मराठी मंडळी आहेत म्हणून लिहितोच. मी डोळे बांधून सॉल्व्ह करतो. त्यात कडांचे २४ आणि कोपऱ्यांचे २४ रंगीत चौकोन असतात, प्रत्येकाला एकेक अक्षर द्यायचं, आणि दोन-दोन अक्षरांचे शब्द करून लक्षात ठेवायचे. सगळे जण इंग्रजी अक्षरं वापरतात. मी वर्षभर तसंच केलं आणि शब्द सुचायला वेळ लागायचा. मग लक्षात आलं, क ते भ मोजली तर बरोबर चोवीस अक्षरं भरतात! त्यातली ङ, ञ, ण काढून म, र, स घेतली. आता क-म आलं की कमळ, प-र आलं की परात, त-ब आलं की तबला. परातीत कमळ, त्यावर तबला. आजीच्या घरातल्या वस्तू एका रांगेत मांडल्यासारखं चित्र उभं राहतं, आणि ते विसरायला होत नाही. कुणाला करायचं असेल तर माझा पूर्ण तक्ता देतो.

---

जुनी_पेठ | १३ जुलै

द्या, नक्की द्या. आणि सांगायचं राहिलं, काल क्यूब मागवला.

---

शेवंती_नाशिक | ६ ऑगस्ट

नवा क्यूब आला. काळ्याऐवजी रंगीत प्लास्टिकचाच घेतला, सोलायला कागदच नाहीत. फिरवताना तो टक्-टक् असा बारीक आवाज येतो, त्याची सवय लागली आहे.

पण मन खट्टू झालं आहे. प्लस खाली धरून जमतो, १० सेकंदांत. जोड्याही जमतात. आणि वेळ वाढली! दोन मिनिटं चाळीस. जुन्या पद्धतीने काल केला तर १:५२. मग हे सगळं कशासाठी, असं वाटून दोन दिवस हात लावला नाही.

---

चिंच_बोरं | ६ ऑगस्ट

अगं, माझी तर तीन मिनिटांवर गेली होती. जुन्या पद्धतीकडे वळू नकोस, हात पुन्हा तिकडेच जाईल. टायमर आठवडाभर बंद ठेव.

---

रा_को | ७ ऑगस्ट

ताई, टायमर बंद ठेवा आणि मुद्दाम हळू फिरवा. इतकं हळू की एक जोडी खाली बसवत असताना डोळे पुढची जोडी शोधत असतील. बसत असलेल्या जोडीकडे बघायचंच नाही, ती बोटांवर सोडायची. सुरुवातीला फार विचित्र वाटतं. आम्ही याला लुकअहेड म्हणतो. मेट्रोनोमचं ॲप लावा, सेकंदाला एक ठोका, आणि नियम एकच, ठोका चुकवायचा नाही. वेगात फिरवून मध्ये थांबणारा नेहमी मागे पडतो.

मॅक्स पार्कचे व्हिडिओ बघा. जून २०२३मध्ये कॅलिफोर्नियात त्याने ३.१३ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. त्याला ऑटिझम आहे, लहानपणी बोटांनी बारीक कामं जमत नव्हती, म्हणून आईवडिलांनी हातात क्यूब दिला होता. त्याचे मोठ्या क्यूबचे सॉल्व्ह बघितले तर कळतं, हात कुठे थांबतच नाहीत. ३.१३ही पुढे टिकलं नाही, एप्रिल २०२५मध्ये चीनमधल्या सात वर्षांच्या मुलाने ३.०५ केले.

---

शेवंती_नाशिक | ३० ऑगस्ट

मेट्रोनोम लावला. सासूबाई शेजारी बसून वाती वळतात, म्हणतात तुझ्या ठोक्यावर माझ्याही वाती सारख्या होतात.

परवा पहिल्यांदा घडलं. जोडी बसवत होते आणि मागच्या बाजूला नारिंगी-निळी कड सरकताना दिसली. शोधली नव्हती, दिसली. पुढची जोडी हाताने आपोआप धरली. अंगावर काटा आला.

आज बारा सॉल्व्हचं ॲव्हरेज १:१४. सप्टेंबरअखेर पुण्यात स्पर्धा आहे, नाव नोंदवलं. तिथे पात्रतेची काही वेळ लागते का?

---

रा_को | ३० ऑगस्ट

नाही! प्रत्येक सॉल्व्हला सहसा दहा मिनिटांची मुदत असते, बस. सगळ्या वयाचे येतात. फक्त तयारी ठेवा, तुमचं झालं की इतरांसाठी जज म्हणून बसायला किंवा क्यूब ने-आण करायला बोलावतील. सगळी स्पर्धा स्पर्धकांच्या मदतीवरच चालते. मीही येणार आहे, भेटू.

---

शेवंती_नाशिक | २९ सप्टेंबर

काल जाऊन आले. सविस्तर लिहिते, कारण तुमच्याशिवाय गेले नसते.

पहाटेच्या गाडीने निघाले. सोबत डबा आणि भाचा. हॉलमध्ये पाऊल टाकलं तर तोच टक्-टक् आवाज, शंभर क्यूबचा एकदम. पाऊस पत्र्यावर पडावा तसा.

माझी जज दहा-अकरा वर्षांची मुलगी होती, दोन वेण्या. क्यूबवर झाकण. तिने "रेडी?" विचारलं आणि उचललं. बघायच्या पंधरा सेकंदांत सुरुवातीलाच प्लस पूर्ण दिसला होता, पण तिने "एट सेकंड्स" म्हणताच सगळं पुसलं गेलं. "ट्वेल्व्ह सेकंड्स"ला क्यूब खाली ठेवला, तळवे टायमरवर टेकवले, हिरवा दिवा लागला आणि सुरुवात केली. हात इतके थरथरत होते की पहिली जोडी दोनदा काढून घातली. १:१२.४०.

दुसऱ्याला मनात मेट्रोनोम लावला. टायमरवर हात आपटून वर बघितलं तर ५८.९३. त्या मुलीने कार्डावर आकडा लिहिला, मला सही करायला सांगितली, आणि नियमात बसत नसावं, पण हसली. सही करताना माझ्या डोळ्यांत पाणी होतं.

तिसरा १:०४.०७. चौथ्याला घाईत थांबवला तर वरचा थर तिरका राहिला होता, पंचेचाळीस अंशांच्या पुढे. दोन सेकंदांची भर पडली, १:०३.५५. शेवटचा १:०१.७२. सगळ्यात चांगली आणि सगळ्यात वाईट वेळ वगळून सरासरी १:०३.११.

दुपारी मी जज म्हणून बसले. समोर एक सात वर्षांचा मुलगा आला, टायमरपर्यंत हात नीट पोचावेत म्हणून खुर्चीवर गुडघे टेकून. त्याला दोन मिनिटं लागली. त्याचा प्रत्येक थांबा मला ओळखीचा होता, मधल्या थरात तो कड शोधत होता.

रा_को, भेटलास, डबा आवडला, बरं वाटलं. आता प्रश्न. पाचव्यात शेवटची जोडी मागच्या डाव्या घरात जायची होती. मी पूर्ण क्यूब फिरवून ती समोर आणली, तिथे वेळ गेला. न फिरवता येतं का?

---

जुनी_पेठ | २९ सप्टेंबर

ताई, तुमचा वृत्तांत घरात मोठ्याने वाचून दाखवला. माझा दुसरा थर होतो आता. पिवळ्या प्लसवर आहे.

---

रा_को | २९ सप्टेंबर

तुमच्या थालीपिठासाठी पुढच्या स्पर्धेलाही येणार!

येतं की. समोरच्या उजव्या घरासाठी आर करून घर वर आणता, तसं मागच्या डाव्या घरासाठी एल (डावी बाजू). म्हणजे एल यू एल' किंवा एल यू' एल'. मागच्या उजव्या घरासाठी आर' पासून सुरुवात. क्यूब जुळवा, उलट क्रमाने एल यू' एल' करून जोडी मुद्दाम बाहेर काढा, ती कुठे जाते ते बघा, आणि मग एल यू एल' ने परत घाला. मागची बाजू दिसत नाही म्हणून भीती वाटते, पण बोटांना ती समोरच्यासारखीच असते.

---

शेवंती_नाशिक | २९ सप्टेंबर

आत्ता केलं. चार वेळा बाहेर काढली, चारही वेळा न बघता आत गेली. आता डोळे मिटून करून बघते.